तुरटी पावसाळ्यातली, मीठ उन्हाळ्यातले

शालेय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत क्षारांचे स्फटिक तयार करण्याचा प्रयोग सर्वांत सोपा समजला जातो, आणि प्रयोगवहीतील कृती वाचता तो सोपाच वाटतो: क्षार गरम पाण्यात विरघळवावा, द्रावण गाळावे, आटवावे, थंड होऊ द्यावे आणि मिळालेले स्फटिक गाळणकागदात टिपून त्यांचे वजन करावे. या कृतीत हवेचा उल्लेख कोठेही येत नाही. भिवंडी तालुक्यातील पडघ्यासारख्या गावात, जेथे शाळा जूनच्या मध्याला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर उघडते आणि बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा थंडीच्या कोरड्या हवेत येते, तेथे प्रयोगशाळेचे काम पाहणाऱ्या माणसाला हा अनुल्लेख वर्षभर जाणवत राहतो. कारण कोणता क्षार कोणत्या महिन्यात स्फटिकरूप घेईल आणि कोणता नुसताच ओलसर राहील, हे त्याच्या हाती जितके असते त्याहून अधिक खिडकीबाहेरच्या हवेच्या हाती असते.

शाळा उघडल्यावर प्रयोगशाळा सहायकाचे पहिले काम कपाटातील बाटल्या तपासण्याचे असते, आणि जुलै उलटेपर्यंत हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. फेरिक क्लोराइडच्या बाटलीत गोळे फुटून तळाशी तपकिरी पाणी साचलेले असते, दाहक सोड्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांची ओली ढेप झालेली असते, हिराकसाच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या फिकट हिरव्या खड्यांवर गंजासारखा पिवळट थर चढलेला असतो आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई पसरलेली असते. हवेतील बाष्प शोषून स्वतः त्यातच विरघळून जाण्याच्या काही पदार्थांच्या या गुणाला आर्द्रताविद्राव्यता म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिची व्याख्या एका ओळीत उरकलेली असते. येथे मात्र घट्ट बुचाच्या बाटल्या कोणत्या पदार्थांना द्यायच्या आणि प्लास्टिकच्या साध्या डब्या कोणाला पुरतील, याचा निर्णय दरवर्षी तिच्यावरच ठरतो.

स्फटिक द्रावणातून बाहेर का पडतो, हे समजण्यासाठी द्राव्यता ही कल्पना आवश्यक आहे. ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात एखादा क्षार जास्तीत जास्त जितका विरघळतो, ती त्याची द्राव्यता, आणि तितका क्षार सामावलेले द्रावण संपृक्त होय. या मर्यादेबाहेर क्षार द्रावणात राहू लागला की ते अतिसंपृक्त होते, आणि निमित्त मिळताच जास्तीचा क्षार स्फटिकरूपाने बाहेर टाकते. द्रावणाला या मर्यादेपलीकडे नेण्याचे शाळेतले नेहमीचे मार्ग दोन आहेत: ते थंड करावे, किंवा त्यातील पाणी उडू द्यावे. तुरटीच्या बाबतीत पहिला मार्ग उत्तम चालतो, कारण २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ११-१२ ग्रॅम विरघळणारी तुरटी ६० अंशांना त्याच्या चौपटीहून अधिक विरघळते. मोरचुदाचेही, म्हणजे कॉपर सल्फेटचेही, तसेच आहे. जेवणातल्या मिठाची वागणूक निराळी. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९ ग्रॅम. म्हणजे उकळते संपृक्त द्रावण पूर्ण थंड केले तरी हाती तीन ग्रॅमच्या आसपासच मीठ लागते, तेही बारीक भुकटीच्या रूपात. मिठाचा नीट, चौकोनी कडांचा स्फटिक हवा असेल तर पाणी सावकाश उडू देण्याखेरीज गत्यंतर नाही.

पावसाळ्यात नेमके तेच होत नाही. सातवी-आठवीचे विद्यार्थी जुलैमध्ये मिठाचे गाळलेले द्रावण बाष्पनपात्रात, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत सगळे चायना डिशच म्हणतात त्यात, भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि आठवडाभर रोज डोकावून पाहतात. पात्रातले पाणी तसेच असते, क्वचित थोडे वाढलेलेही दिसते. पाऊस आत आला असेल, कोणी पाणी घातले असेल, असे तर्क मुले लढवतात. खरे कारण अधिक सुंदर आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणाच्या पृष्ठभागालगतची हवा सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला समतोल साधते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के बाष्प हवेत आहे ते प्रमाण. भोवतालची हवा ७५ टक्क्यांहून कोरडी असेल तर द्रावणातले पाणी उडते. ती त्याहून ओली असेल तर उलट हवेतले पाणी द्रावणात उतरते आणि कोरडे मीठही पाझरू लागते. हा आकडा नेहमीच्या तापमानांना फारसा बदलत नाही, म्हणूनच बंद बरणीत मिठाचा ओला लगदा ठेवून तिच्यात आर्द्रतामापक तपासण्याची पद्धत रूढ आहे. उत्तर कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसाचा बराच काळ या मर्यादेच्या वर असते, तेव्हा चायना डिशमधले मीठ न सुकणे हे नियमाला धरूनच आहे. ज्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगवहीत 'स्फटिक मिळाले नाहीत' असा लिहिला जातो आणि ज्याला गुणही कमी पडतात, त्यात वस्तुतः एक अचूक मोजमाप घडून गेलेले असते, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. सहसा ती सांगितली जात नाही.

ठाणे-मुंबईच्या किनाऱ्यावरील मिठागरांनी हा नियम शाळेच्या कितीतरी आधीपासून पाळला आहे. भाईंदर, भांडुप, मुलुंड या परिसरात आणि खाडीपलीकडे उरण-पेणकडे खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन मीठ पिकवण्याचे काम पाऊस ओसरल्यावर बांधबंदिस्तीपासून सुरू होते, भर उन्हाळ्यात जोरात चालते आणि पावसाच्या पहिल्या सरीपूर्वी मिठाच्या राशी झाकून संपवावे लागते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक साधे मीठ असते. पाणी आटत जाते तसे क्षार एका क्रमाने बाहेर पडतात: आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार सर्वांत शेवटी. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत नेले जाते आणि मीठ धरल्यावर उरलेले कडवट पाणी वेळेत काढून टाकले जाते. ते टाकायला उशीर झाला तर मॅग्नेशियम क्लोराइड मिठात उतरते. आणि मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाझरू लागत असल्यामुळे असे मीठ कोरड्या दिवसांतही ओलसर राहते. स्वयंपाकघरातल्या खडेमिठाला पाणी सुटते ते मुख्यतः या पाहुण्यामुळे.

शाळेत खडेमीठ शुद्ध करण्याचा प्रयोग याच शिस्तीने केला तर साधतो. बाजारातून आणलेले मीठ पाण्यात विरघळवून गाळले की गाळणकागदावर राखाडी चिखल उरतो, आणि तो पाहून मुलांना दरवेळी धक्का बसतो. स्वच्छ द्रावण स्पिरीटच्या दिव्यावर आटवताना ते पूर्ण कोरडे होईपर्यंत आटवण्याचा मोह सर्वांना होतो, कारण तसे केल्यास अधिक मीठ हाती येते. येथे थांबावे लागते. पात्रात थोडा द्राव शिल्लक असतानाच स्फटिक वेगळे केले तर मॅग्नेशियम त्या उरलेल्या द्रावात, ज्याला मातृद्राव म्हणतात त्यात, राहून जाते. सगळेच आटवले तर गाळलेला चिखल तेवढा कमी होतो आणि बाकी भेसळ जशीच्या तशी परत येते. शिवाय कोरडे पडू लागलेले मीठ तडतडून पात्राबाहेर उडते आणि दिव्याभोवती वाकून पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना धोका होतो, ही सहायकाची चिंता वेगळीच. मिठाचा हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतला तर खिडकीतल्या पात्रात, दिव्याशिवाय, बशीच्या तळाला चिकटलेले लहान चौकोनी खडे दिसू लागतात, ज्यांच्या माथ्यावर कधी कधी पायऱ्यांसारखा खोलगट चौकोन असतो. कडा मध्यापेक्षा वेगाने वाढल्याची ती खूण आहे.

पावसाळा स्फटिकांना वाईटच, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल, आणि या कामातील सर्वांत रंजक भाग येथेच आहे. तुरटीच्या संपृक्त द्रावणाचा समतोल जवळजवळ संपूर्ण ओल्या हवेशी, म्हणजे शंभर टक्क्यांच्या अगदी जवळच्या आर्द्रतेशी असतो. त्यामुळे ज्या जुलैच्या हवेत मीठ पाझरते, त्याच हवेत तुरटीच्या द्रावणातले पाणी उडत राहते, पण फार मंद गतीने. त्यातच पावसाळी ढगांखाली दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरक थोडा असतो. मंद बाष्पीभवन आणि स्थिर तापमान ही मोठा, पारदर्शक स्फटिक वाढवण्याची आदर्श स्थिती होय. जानेवारीत उलट घडते: रात्री गारठ्यात द्रावण घाईने स्फटिक टाकते, तळाशी खड्यांचा सडा पडतो, आणि दुपारी ऊन चढले की तेच द्रावण तहानलेले होऊन दोऱ्यावर टांगलेला स्फटिक विरघळवू लागते, शनिवारी दुपारी ठीक असलेला खडा सोमवारी सकाळी दोऱ्यावरून निसटून तळाशी पडलेला आढळतो, त्याच्या धारदार कडा गोल झालेल्या असतात. एकाच कट्ट्यावर, एकाच पात्रात, तुरटीला पावसाळा मानवतो आणि मिठाला उन्हाळा, हे ध्यानात आल्यावर वर्षाचे प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक धड्यांच्या क्रमाने न लावता ऋतूंच्या क्रमाने लावावेसे वाटते, आणि शिक्षकांनी तसे ते लावावे.

मोठा स्फटिक वाढवण्यासाठी आधी बीज लागते, म्हणजे बशीत सुटे ठेवलेल्या द्रावणातून निवडलेला, सर्व बाजूंनी नितळ असा लहान खडा. तुरटीचा स्फटिक अष्टफलक असतो, म्हणजे त्याला त्रिकोणी अशी आठ पृष्ठे असतात, आणि ज्याचे एकही पृष्ठ दबलेले नाही असा खडा निवडण्यात सहायकाचा बराच वेळ जातो. हा खडा सुती दोऱ्याला बांधू नये, कारण सुतातून द्रावण वर चढते आणि दोरा स्वतःच स्फटिकांनी मढून जातो. नायलॉनचा बारीक दोरा बरा. द्रावण पात्राच्या भिंतीवरूनही वर सरकते आणि काठावर पांढरी किनार धरते; काठाला व्हॅसलीनचे बोट फिरवले की ती थांबते. पडघ्यात एक अडचण आणखी आहे, ती धुळीची. मुंबई–नाशिक महामार्गावरची अवजड वाहतूक आणि भोवताली वाढलेली गोदामे यांमुळे उघड्या खिडकीत ठेवलेल्या पात्रात धूळ पडत राहते. धुळीचा प्रत्येक कण स्फटिक सुरू होण्याचे केंद्र ठरू शकतो, आणि एक मोठा खडा मिळण्याऐवजी शेकडो बारीक खडे मिळतात. पात्रावर टाचणीने भोके पाडलेला गाळणकागद बांधणे हा त्यावरचा उपाय, आणि पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जात असल्याने याही बाबतीत पावसाळा तुरटीच्या बाजूने उभा राहतो.

तुरटीचे या भागातील मुलांना अप्रूप नसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते नितळ करण्याची पद्धत घरोघरी माहीत आहे, आणि मुंबईला जाणारे भातसा धरणाचे पाणी जेथे शुद्ध होते ते पांजरापूरचे जलशुद्धीकरण केंद्रही याच तालुक्यात आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारामुळे पाण्यात तयार होणारे चिकट कण चिखलाचे सूक्ष्म कण ओढून तळाशी बसतात, हे तत्त्व घरच्या हंड्यात आणि मोठ्या केंद्रात सारखेच. तुरटी किराणा दुकानातूनही मिळते आणि गाळून पुन्हा स्फटिकीकरण केल्यास शालेय प्रयोगाला पुरेशी शुद्ध ठरते, त्यामुळे या प्रयोगाला मागणीपत्राची वाट पाहावी लागत नाही.

विज्ञान प्रदर्शनात मोठ्या स्फटिकालाच बक्षीस मिळते आणि त्यातून 'मोठा तो शुद्ध' असा समज पक्का होतो. तो खरा नाही. घाईने वाढलेल्या मोठ्या स्फटिकाच्या पोटात मातृद्रावाचे थेंब अडकून राहतात, खडा आतून धुरकट दिसतो, आणि त्या थेंबांतली अशुद्धी कितीही धुतले तरी जात नाही. विश्लेषणासाठी हवा असलेला क्षार बहुधा लहान, समान आकाराच्या स्फटिकांच्या रूपातच घेणे श्रेयस्कर असते. आकारमानावरून पदार्थाची ओळखही पटत नाही; ती कोनांवरून पटते. एकाच पदार्थाच्या स्फटिकांची पृष्ठे लहानमोठी असली तरी सदृश पृष्ठांमधील कोन तेच राहतात, असे निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकांवरून दाखवले होते. पडघ्याच्या मुलांना हे निरीक्षण करायला दूर जायला नको. सगळा परिसर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे, त्यातील पोकळ्यांत खनिजयुक्त गरम पाण्यातून क्वार्ट्झ आणि झिओलाइट वर्गातील खनिजे स्फटिकरूप झालेली सापडतात, आणि खाणीतल्या खडीत मिळालेली चमकती गारगोटी दप्तरातून प्रयोगशाळेत येतेच येते. याच महामार्गाने नाशिक गाठून पुढे सिन्नरला गेले की अशा खनिजांसाठीच वाहिलेले गारगोटी संग्रहालय आहे. मिठाच्या खड्याच्या आत काय आहे, हे कळायला मात्र १९१३ साल उजाडावे लागले. विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की त्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम अशी अखंड मांडणी असते. १९१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना या संशोधनासाठी मिळाले.

उच्च माध्यमिक वर्गांसाठी यांहून नाजूक प्रयोग मोरच्या क्षाराचा आहे. कार्ल फ्रीडरिश मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा द्विक्षार, म्हणजे दोन क्षार ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन घडलेला स्फटिक, हिराकस आणि अमोनियम सल्फेट यांपासून बनतो, आणि हिराकसापेक्षा हवेत अधिक टिकतो. नेहमीच्या कृतीत ७ ग्रॅम हिराकस आणि ३.५ ग्रॅम अमोनियम सल्फेट घेतात. पाणी आधी पाच मिनिटे उकळून घ्यायचे, कारण त्यात विरघळलेला ऑक्सिजन लोहाचे फेरिक रूपांतर करतो, आणि त्यात थोडे सौम्य गंधकाम्ल घालायचे, म्हणजे लोहाचे जलापघटन होत नाही. त्यानंतरची सगळी मदार केव्हा थांबायचे यावर असते. काचकांडीचे टोक द्रावणात बुडवून बाहेर काढावे आणि त्यावर हलकेच फुंकर मारावी. टोकावर पातळ पापुद्रा धरला की स्फटिकीकरणबिंदू आला असे समजून दिवा लगेच बाजूला करावा. तास चाळीस मिनिटांच्या आसपासचा, त्यात हजेरी, साहित्यवाटप आणि शेवटी धुणेपुसणे. म्हणून मुले दिवा मोठा करतात, पापुद्रा येऊन गेला तरी आटवत राहतात, आणि फिकट हिरव्या स्फटिकांऐवजी पिवळसर, तपकिरी छटेचा गोळा पात्राला चिकटतो. ज्या शाळेत सहायक पात्रे तास संपल्यावर थंड पाण्याच्या बीकरवर ठेवून, दुसऱ्या दिवसापर्यंत न हलवता सांभाळतो, तेथे स्फटिक चांगले येतात. प्रयोगाचा हा अर्धा भाग कोणाच्याही वेळापत्रकात नसतो.

वजनाच्या वेळी हवा पुन्हा आडवी येते. ७ ग्रॅम हिराकसापासून मोरचा क्षार जास्तीत जास्त सुमारे ९.९ ग्रॅम मिळू शकतो, कारण त्याचे रेणुवस्तुमान ३९२ आहे आणि हिराकसाचे २७८. तरी पावसाळ्यात हा प्रयोग घेतल्यास साडेदहा-अकरा ग्रॅम मिळवणारे विद्यार्थी निघतात. गाळणकागदच दमट असल्याने तो स्फटिकांतील ओल टिपत नाही, आणि वजन झालेला जास्तीचा ग्रॅम पाण्याचा असतो. हाच प्रयोग डिसेंबरमध्ये घेतला की स्फटिक कागदाच्या घडीत लवकर कोरडे होतात, वजन आठ-नऊ ग्रॅमच्या घरात येते, आणि ते क्षार तसेच वापरता येतात. त्यांतील ४.९ ग्रॅम घेऊन, आम्लमिश्रित पाण्यात विरघळवून २५० मिलीलीटर द्रावण केले की त्याची संहती ०.०५ मोलर होते, आणि अशा १० मिलीलीटर द्रावणाला ०.०१ मोलर पोटॅशियम परमँगनेट बरोबर १० मिलीलीटर लागायला हवे. ब्यूरेटचे वाचन ९.४ मिलीलीटर असतानाच चंबूत फिकट गुलाबी रंग टिकला, तर त्या विद्यार्थ्याच्या स्फटिकांत फेरस लोह अपेक्षेच्या ९४ टक्केच आहे. उरलेले सहा टक्के पाणी की गंजलेले लोह, याचा छडा बाटलीतल्या स्फटिकांचा रंग पाहून आणि ते पुन्हा सुकवून वजन करून लावता येतो.